रविवारची रात्र की सोमवारची पहाट? एका दिनविशेष कोड्याचं प्रकरण

११ डिसेंबरच्या सकाळी साडेसहाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोजचा प्रश्न पडला: ‘कोयनेचा मोठा भूकंप कधी झाला? अ) १० डिसेंबर १९६७ आ) ११ डिसेंबर १९६७ इ) १३ सप्टेंबर १९६७ ई) ११ डिसेंबर १९६८.’ उत्तरतालिकेत ‘आ’. बरोबर उत्तराला दहा गुण, महिनाअखेर पहिल्या तिघांना पुस्तक. रात्री नऊपर्यंत एक ज्येष्ठ सभासद ग्रुप सोडून गेले होते, दोघांचं प्रश्नकर्त्या सरांशी वाजलं होतं आणि सरांनी ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात’ हे बटण दाबलं होतं. पुढच्या आठवड्यात उत्तरं निम्म्यावर आली.

ग्रुप नमुन्यादाखल घेतला आहे. तारखा, ठिकाणं आणि अ‍ॅपच्या खोडी खऱ्या आहेत. साताऱ्यातल्या मंगळवार पेठेतल्या एका छोट्या वाचनालयाच्या वाचकांचा हा ग्रुप समजा. निवृत्त शिक्षक, बँकेतले, एसटीतले, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, लग्न होऊन सांगली-इस्लामपूरला गेलेल्या लेकी. असे ग्रुप सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पुष्कळ आहेत आणि ते बिघडतात तेही साधारण एकाच पद्धतीनं. म्हणून या एका दिवसाची चिरफाड.

त्या दिवशी नेमकं काय झालं

प्रश्न साध्या पोलवर टाकला होता. पोलमध्ये कोणी काय निवडलं ते सगळ्यांना नावानिशी दिसतं. पहिली पाच-सहा मतं ‘आ’वर पडली की बाकीचे डोळे मिटून तिकडेच जातात. शिवाय इथे पोल पाहायचीही गरज नव्हती. दिनविशेषाचा प्रश्न ११ डिसेंबरला आलाय म्हणजे उत्तर ११ डिसेंबरच असणार, हे ज्याला कोयना कुठे आहे हेही ठाऊक नाही त्यालाही कळतं. राहिलं फक्त वर्ष. सप्टेंबरचा पर्याय त्यातल्या त्यात हुशारीचा होता, कारण १३ सप्टेंबर १९६७ लाही त्या भागात जाणवण्याजोगा धक्का बसला होता. पण तोही याच कारणानं वाया गेला.

दोघांचं उत्तर चुकलं. एक, परीक्षेची तयारी करणारी मुलगी. तिनं परदेशी भूकंपनोंदींची यादी पाहिली होती, त्यात १० डिसेंबर १९६७ लिहिलंय. दुसरे पाटण तालुक्यातून येऊन साताऱ्यात स्थायिक झालेले आप्पा. त्यांनी यादीबिदी काही पाहिली नव्हती. त्यांनी अडीच मिनिटांचा आवाजी निरोप टाकला: ‘आवं, रविवारची रात हुती ती. आमी समदी आंगणात झोपलो न्हवतो, थंडी हुती, घरात हुतो. भिताड आलं खाली.’ रविवार म्हणजे १० तारीख. १९६७ चं कॅलेंडर काढून पाहिलं तर १० डिसेंबरला रविवारच आहे.

म्हणजे ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांना दहा-दहा गुण, आणि एकीनं अभ्यास केलेला नि एकानं अनुभव घेतलेला, त्यांना भोपळा. सरांनी वर लिहिलं: ‘उत्तर ११ डिसेंबर. कृपया विषयांतर टाळावे. वैयक्तिक आठवणी खासगीत पाठवाव्यात.’ आप्पांनी ग्रुप सोडला तो गुणांसाठी नव्हे, या ओळीसाठी.

तिन्ही उत्तरं एकाच क्षणाची

भूकंप झाला भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. तारीख ११ डिसेंबर, वार सोमवार. जागतिक वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे तिथे १० डिसेंबरच्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं झाली होती. जगभरच्या भूकंपनोंदी जागतिक वेळेत ठेवतात, म्हणून त्या यादीत १० तारीख. मुलीनं वाचलं ते बरोबर, फक्त घड्याळ वेगळं.

आप्पांचं घड्याळ तिसरंच. आपल्याकडे पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयापर्यंत चालतो. डिसेंबरात पहाटे सव्वाचारला चांगला अंधार असतो, माणसं झोपेत असतात. त्यांच्या लेखी ती रविवारचीच रात्र. सोमवार उजाडला तो ढिगाऱ्यावर. गावाकडच्या माणसानं ‘शनिवारी रात्री गेले’ म्हटलं आणि दाखल्यावर रविवारची तारीख असली तर कोणी खोटं बोलत नसतं.

हाच घोटाळा दर २० जुलैला चांद्रविजयाच्या प्रश्नात होतो. जागतिक वेळेनुसार अपोलो ११ चं यान २० जुलै १९६९ ला उतरलं, तेव्हा भारतात २१ जुलैची पहाटे पावणेदोनची वेळ होती. आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं तेव्हा तर आपल्याकडे सकाळचे साधारण साडेआठ झाले होते, २१ जुलै. अमेरिकेतल्या वेळेनुसार मात्र ती २० जुलैची रात्र. तेव्हा मध्यरात्रीच्या आगेमागे घडलेली कुठलीही गोष्ट ‘किती तारखेला’ म्हणून विचारायची नाही. विचारायचीच असेल तर ‘भारतीय वेळेनुसार’ हे दोन शब्द प्रश्नातच हवेत. नंतर उत्तरात घातले तर ती पळवाट वाटते.

त्याच भूकंपाचा आणखी एक सापळा सरांनी सुदैवानं चुकवला: तीव्रता. कुठे ६.३ सापडते, कुठे ६.५, कुठे त्याहून जास्त. मोजण्याची परिमाणं निरनिराळी असल्यानं आकडे निरनिराळे येतात आणि प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक असतं. आकडा विचारून भांडण विकत घेण्यापेक्षा ‘धरणाच्या जलाशयाशी जोडून जगभर अभ्यासला जाणारा सातारा जिल्ह्यातला भूकंप कोणता’ असं विचारलं तर उत्तर एकच राहतं.

आधीची साठलेली भांडणं

११ डिसेंबर हा कळस होता. पायथा वर्षभर रचला जात होता आणि त्यातली बहुतेक भांडणं तारीख, जिल्हा आणि ‘पहिला’ या तीन शब्दांवर झाली होती.

तारखेचं सगळ्यांत अवघड प्रकरण अर्थातच शिवकाळाचं. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३०, फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना शाळेतून आठवतं, म्हणून कोणीतरी १६२९ काढतं आणि सरकारच चुकलं म्हणून मोकळं होतं. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८. १ जानेवारी उलटल्यावर फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. पानिपताचीही तीच गत: पौष शुद्ध अष्टमी शके १६८२ म्हणजे १४ जानेवारी १७६१. राज्याभिषेक ज्येष्ठात, म्हणून १५९६ मध्ये ७८ मिळवून १६७४.

दुसरी गुंतागुंत अशी की १९ फेब्रुवारी ही जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. आज आपण वापरतो त्या पद्धतीनं तो दिवस १ मार्च १६३० येतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ हीही जुनी. नव्या पद्धतीनं १६ जून. अफझलखानाच्या वधाची १० नोव्हेंबर १६५९ नव्या पद्धतीनं २० नोव्हेंबर. इंग्रजांनी १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. त्याआधीच्या मराठी इतिहासाच्या तारखा इंग्रजी कागदपत्रांशी जुळाव्यात म्हणून रूढीनं जुन्याच ठेवल्या गेल्या. गोव्याच्या पोर्तुगीजांनी मात्र नवी पद्धत सोळाव्या शतकातच घेतली होती, त्यामुळे त्यांच्या पत्रातली तारीख दहा दिवस पुढे दिसते. १७०० च्या फेब्रुवारीनंतर फरक दहाऐवजी अकरा दिवसांचा होतो. पानिपत १७६१ चं, म्हणून तिथे प्रश्नच नाही.

हे सगळं सभासदांना शिकवायची गरज नाही. प्रश्नकर्त्याला ठाऊक असायला हवं. कारण कुठलं तरी ‘तारीख बदला’ अ‍ॅप वापरून एखादा पठ्ठ्या १ मार्च काढून आणतो आणि शिवजयंतीच्या दिवशी ग्रुप पेटतो. तिथीवाले आणि तारखेवाले हा वाद तर आहेच. रायगडावर राज्याभिषेक सोहळा ६ जूनलाही होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही. ग्रुपनं एक धोरण ठरवावं: कोडं तारखेप्रमाणे, तिथी टिपणात. दासनवमीसारखा, म्हणजे समर्थ रामदासांच्या पुण्यतिथीचा, दिवस असला, जो सज्जनगडावर तिथीनंच पाळला जातो, तर प्रश्न तिथीच्या दिवशी टाकावा आणि तसं लिहावं. तिथे अपवाद करायलाच हवा. दासनवमीचा प्रश्न २२ जानेवारीला टाकणं म्हणजे उत्सवाच्या दिवशी गड रिकामा दाखवण्यासारखं.

जिल्ह्याचं भांडण १२ मार्चला झालं होतं. ‘यशवंतराव चव्हाण कोणत्या जिल्ह्यात जन्मले?’ सांगलीच्या लेकी म्हणाल्या सांगली, साताऱ्याचे काका म्हणाले सातारा. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात आहे. पण १९१३ मध्ये सांगली जिल्हाच नव्हता, गाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. ‘आजच्या’ किंवा ‘तेव्हाच्या’ हा एक शब्द राहिला आणि सकाळभर दोन जिल्हे भांडले. वाळवा, तासगाव, खानापूर, कुठल्याही जुन्या घटनेला हा शब्द लागतो. ब्रिटिशांविरुद्ध इथे चाललेल्या प्रतिसरकारचा प्रत्येक प्रश्न त्यात आला.

आणि ‘पहिला’. ऑलिंपिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक पदक असं विचारलं की गोळेश्वरचे खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, कांस्य, हे उत्तर सगळे देतात. मग एकजण १९०० च्या पॅरिसमधला नॉर्मन प्रिचर्ड काढतो. ‘स्वतंत्र भारताचं’ लिहिलं असतं तर तोंड उघडायला जागा नव्हती. सांगलीचा ५ नोव्हेंबर १८४३ चा प्रयोग घ्या, विष्णुदास भावे, ‘सीता स्वयंवर’. ‘पहिलं मराठी नाटक’ लिहाल तर तंजावरच्या भोसल्यांची नाटकं कोणीतरी पुढे करेल आणि त्याचं चुकीचं नसेल. ‘मराठी रंगभूमी दिन कोणत्या गावातल्या प्रयोगावरून पाळतात’ असं विचारा. प्रश्न सोपा वाटेल. वाटू दे.

दोन याद्या म्हणजे दोन आधार नव्हेत

सर प्रश्न कुठून काढत होते? सकाळी फिरणाऱ्या ‘आजचा दिनविशेष’ फॉरवर्डमधून, आणि खात्रीसाठी दुसरा फॉरवर्ड पाहत होते. दोन्ही एकाच कुठल्या तरी यादीची पिल्लं. मूळ यादीत चूक असेल तर दोन्हीकडे तीच चूक, त्यामुळे खात्री दुप्पट आणि माहिती जैसे थे. वडूजचा गोळीबार ९ सप्टेंबर १९४२ चा, इस्लामपूरचा १० सप्टेंबरचा. लागोपाठचे दिवस, दोन्ही तहसील कचेरीवरचे मोर्चे. अशा जोड्या अदलाबदल व्हायला एक आळशी हात पुरतो, मग ती अदलाबदल वर्षानुवर्षं फिरते.

आधार वेगवेगळ्या मुळांचे हवेत: एक छापील, जसं जिल्हा गॅझेटियर किंवा चरित्र, दुसरा जागेवरचा किंवा सरकारी, जसं हुतात्मा स्मारकावरची पाटी किंवा शासनाची जयंती-दिनांची यादी. दोन्ही जुळले नाहीत तर प्रश्न टाकायचा नाही. दिवस मोकळा जाणार नाही याची काळजी करू नये; सातारा-सांगलीला दिवसांचा तोटा नाही. १२ जानेवारीला सगळं जग जिजाऊ आणि विवेकानंद विचारतं. त्याच तारखेला १७०८ मध्ये साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, तो घ्या. ७ नोव्हेंबरला रशियन क्रांती येते, जी तिथल्या जुन्या कॅलेंडरात २५ ऑक्टोबरला होती; पण १९०० मध्ये त्याच तारखेला भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. राजवाड्याजवळून रोज जाणाऱ्याला हा प्रश्न जास्त लागतो.

दुरुस्ती

वाचनालयाच्या मॅडमनी सहअ‍ॅडमिन म्हणून सूत्रं घेतली असं धरू. सर प्रश्न काढतच राहिले, त्यांना काढून टाकणं मूर्खपणाचं ठरलं असतं. बदल झाले ते असे.

पोल बंद. पोलमध्ये उत्तर फुटतं ही एक अडचण. टाकल्यावर पोल दुरुस्त करता येत नाही ही दुसरी. साधा संदेश पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो, तेवढ्यात कोणी तरी टंकनदोष दाखवतंच. आता प्रश्न साध्या संदेशात, वर पिन करून. उत्तर दुपारी एकपर्यंत मॅडमच्या खासगी नंबरवर, फक्त अक्षर. शंभरच्या आत माणसं असतील तर हे हातानं जमतं, रोज वीसेक मिनिटं जातात. त्यापुढे गूगल फॉर्म बरा, पण ज्येष्ठांना फॉर्म उघडायचा कंटाळा येतो आणि आठवड्याभरात तेच गळतात. तिथे अक्षर पाठवायची मुभा ठेवावी.

प्रश्नात ‘आज’ची तारीख कधीही उत्तर नसावी. तारीख प्रश्नात द्यायची; विचारायचं ठिकाण, कारण, परिणाम किंवा व्यक्ती. पर्याय चार, त्यातला एक ‘जवळपास बरोबर’ वाटणारा असावा, पण कुठल्याही हिशेबानं खरोखर बरोबर ठरू शकेल असा नसावा. ११ डिसेंबरचा ‘अ’ पर्याय नेमका इथे घसरला होता.

प्रश्न टाकण्याआधी एका चिठ्ठीवर सहा नोंदी: मूळ तारीख आणि ती कुठल्या पद्धतीची, शक-तिथी, वेळ मध्यरात्रीजवळची आहे का, तेव्हाचा आणि आजचा जिल्हा, दोन आधार, आणि ‘पहिला, सर्वांत, एकमेव’ यांतला शब्द प्रश्नात आलाय का. शेवटच्या नोंदीला ‘हो’ आलं की प्रश्न परत लिहायचा. आठवड्याचे सात प्रश्न रविवारी दुपारी एकदम काढून ठेवायचे. रोज सकाळी काढणाऱ्याच्या हातून फॉरवर्ड सुटत नाही.

चूक निघाली तर गुण वाढवायचे, कापायचे नाहीत. त्या ११ डिसेंबरचा प्रश्न रद्द करण्याचा विचार आधी पुढे आला होता. रद्द केला असता तर बरोबर उत्तर दिलेले सगळे नाराज, आणि चुकलेले दोघं ‘यांच्यामुळे गेलं’ म्हणून कायमचे ओशाळे. त्याऐवजी ‘अ’ आणि ‘आ’ दोन्हींना दहा गुण दिले. क्रमवारी जराशी हलली, कोणी हूं की चूं केलं नाही.

गप्पांचं काय

सगळ्यांत चुकीचा उपाय आधी करून पाहिला गेला: गप्पांसाठी वेगळा ग्रुप, नाव ‘कट्टा’. पंधरा दिवसांत त्यावर गुड मॉर्निंगची फुलं आणि लग्नाच्या पत्रिका एवढंच उरलं. कारण उघड आहे. ‘भिताड आलं खाली’ हे वाक्य प्रश्नामुळे सुचतं. प्रश्न इकडे आणि आठवण तिकडे केली की माणूस इकडचा तिकडे जाईपर्यंत आठवण जिरून जाते.

चाललं ते वेळेचं कुंपण. सकाळी साडेसहा ते रात्री साडेआठ ग्रुप बंद, फक्त प्रश्न. साडेआठला उत्तर आणि पन्नास-साठ शब्दांचं टिपण, आणि त्याच क्षणी ग्रुप खुला, रात्री दहापर्यंत. उत्तर आधी जाहीर झालेलं असल्यानं आठवणीतून उत्तर फुटायची भीती नाही, आणि कोणाची आठवण ‘विषयांतर’ ठरत नाही. टिपणाच्या शेवटी मॅडम एक साधा प्रश्न जोडतात: तेव्हा तुम्ही कुठे होता, किंवा घरात कोणी सांगितलंय का. ‘पाहिलेलं’ की ‘ऐकलेलं’ एवढं फक्त सुरुवातीला सांगायचं. आजोबांकडून आलेली प्रतिसरकारची गोष्ट मोलाची असते, पण नातवानं ती स्वतः पाहिल्यासारखी सांगितली की पुढच्या फॉरवर्डमध्ये तोच ‘आधार’ होऊन फिरतो. आठवणींना गुण नाहीत. एकदा गुण देऊन पाहिले तर आठवणी लांबत गेल्या.

आवाजी निरोपांची वेगळी काळजी घ्यावी लागते. फोन बदलला, बॅकअप राहून गेला, की गेले. महत्त्वाचा निरोप त्याच दिवशी उतरवून घ्यायचा, ध्वनिफीत वाचनालयाच्या संगणकावर वेगळी ठेवायची, नाव-गाव-तारीख लिहून. आणि सांगणाऱ्याला विचारून. आप्पांनी त्या निरोपात घरातल्या कोणाकोणाला लागलं होतं तेही सांगितलं होतं. तो कोणीतरी आपल्या भावकीच्या ग्रुपवर परस्पर ढकलला आणि तिथे वेगळंच निघालं. ‘ग्रुपमधलं ग्रुपमध्ये’ ही ओळ ग्रुपच्या माहितीत वरच लिहायला हवी, नव्या सभासदाला दाखवायला हवी.

आणखी एक बारीक गोष्ट. ग्रुपमधल्या कोणाच्या घरी दुःखद घटना घडली त्या सकाळी कोडं टाकायचं नाही. श्रद्धांजलीच्या ओळींच्या मधोमध ‘पर्याय निवडा’ आलं तर कितीही बरोबर तारीख असली तरी माणसं दुखावतात. प्रश्न पुढच्या वर्षीच्या चिठ्ठीत जातो.

आप्पा आपणहून परत आले नाहीत. मॅडम त्यांच्या घरी गेल्या, सर सोबत होते, आणि सरांनी तिथे कॅलेंडर काढून रविवार दाखवला. पुढच्या ११ डिसेंबरला प्रश्न असा गेला: ‘कोयनेचा भूकंप आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ ला नोंदला गेला, जागतिक यादीत १० डिसेंबरला. का? अ) परदेशी छपाईची चूक आ) दोन वेगळे धक्के इ) वेळेतला साडेपाच तासांचा फरक ई) पंचांगातला क्षय दिवस.’ बरीच उत्तरं ‘आ’ आली. साडेआठला ग्रुप उघडला तेव्हा पहिला निरोप पाटणच्या बोलीत होता, या खेपेला चार मिनिटांचा.